नेणाऱ्यानेच आणायचं

तेयोची व्हॅन मूळची पांढरी. मी तिच्यात बसायला लागले तोवर ती कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओरोसी गावच्या धुळीच्या रंगाची झाली होती. कितीही धुतली तरी तिला पीचचा, छाटणीच्या कात्र्यांना लावलेल्या तेलाचा आणि कोणीतरी कधीतरी सांडलेल्या कॉफीचा वास यायचा. आज मला कुणी तो वास बाटलीत भरून दिला तर मी ती बाटली उशाशी ठेवीन. नवरा म्हणतो, असला वास कोण जपून ठेवतं? त्याला काय कळतंय. तो लॉस एंजेलिसचा.

तेयो म्हणजे एलेउतेरिओ बारागान. त्याचे वडील रायतेरो होते. पहाटे घरोघरी हॉर्न देऊन शेतमजुरांना गोळा करायचं, मळ्यावर सोडायचं आणि काम सुटलं की परत आणायचं, हा रायतेरोचा धंदा. एका डिसेंबरात, धुक्यात, संत्र्यांच्या बागेआडच्या चौकात त्यांच्या गाडीला ट्रकने ठोकलं. माणसं वाचली, वडिलांचा गुडघा कायमचा गेला, आणि शाळा नुकतीच संपवलेल्या तेयोच्या हातात चावी आली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तो चौक बसला होता. रस्ता तिथे जरा तिरका घेतला असता तर समोरचं दिसलं असतं, असं तो कुणालाही सांगायचा. लोक म्हणायचे, हो ना, आणि डोळे मिटून घ्यायचे, कारण पहाटेचे चार वाजलेले असायचे.

म्हणून त्याने कॉलेजात नाव घातलं. आमचं कॉलेज दोन वर्षांचं. तिथे कुणालाही प्रवेश मिळतो. खरी चढण पुढे. तिथून मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं असेल तर विषय पुरे हवेत, गुण चांगले हवेत, आणि समुद्राकाठच्या ज्या विद्यापीठाच्या सिव्हिल इंजिनिअरिंगवर तेयोचा डोळा होता तिथे शंभरातले सात-आठच घेतात. दोन वर्षांचं हे कॉलेज तेयो सहा वर्षं करत होता. एका वेळी दोन विषय, कारण मजूर दुपारी सुटायचे आणि त्यांना आणायला जावंच लागायचं.

मजुरांना सोडून आला की तो व्हॅन झाडायचा आणि आम्हाला घ्यायला यायचा. आम्ही म्हणजे तिघं. मी, नोएमी, मला नर्स व्हायचं होतं. दोन्या ओबदुलिया (वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो), पन्नाशी उलटलेल्या, तीस वर्षं फळांच्या पॅकिंगमध्ये उभ्या राहिलेल्या आणि आता बालवाडीच्या बाई व्हायचंच म्हणून हट्टाला पेटलेल्या. आणि चोन, हिशेबाच्या अभ्यासाला जाणारा आणि व्हॅनचं दार बंद व्हायच्या आधी घोरायला लागणारा.

पुढच्या सीटवर बसणाऱ्याने तेयोची उजळणी घ्यायची, असा कायदा होता. भौतिकशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन मी प्रश्न विचारायचे आणि तो स्टिअरिंगवर बोटांनी सूत्रं लिहायचा. मागून दोन्या ओबदुलिया मक्याच्या पिठाचे गरम तामाले पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खा, मग सांग. उपाशी डोक्याला काय आठवणार आहे?"

कॉलेजच्या फाटकाशी उतरताना तो प्रत्येकाला एकच विचारायचा. "सुटणार किती वाजता?"

त्याच्या वडिलांचा नियम होता, नेणाऱ्यानेच आणायचं. सकाळी गाडीत बसलेलं माणूस संध्याकाळी आपल्या दारात उतरलंच पाहिजे. मध्ये जे काही होईल ते रायतेरोच्या डोक्यावर. मला एकदा प्रयोगशाळेत फार उशीर झाला. बाहेर आले तर तेयो व्हॅनच्या पायरीवर बसून गणितं सोडवत होता, आणि चोन आत झोपला होता. "जायचं नाही का रे?" म्हटलं तर म्हणाला, "तू होतीस ना अजून." एवढंच. माझ्यासाठी तोवर कुणी असं थांबलं नव्हतं, आणि मला ते तेव्हाही कळलं होतं.

आमचे तिघांचे आणि त्याचा, असे चार अर्ज एकाच नोव्हेंबरात गेले. तेयोचं आता एकच राहिलं होतं, भौतिकशास्त्राचा शेवटचा भाग. आमच्या छोट्या कॉलेजात तो फक्त हिवाळ्याआधीच्या सत्रात शिकवायचे. त्यात चांगला गुण पडला की सहा वर्षांचं ओझं उतरणार होतं. परीक्षा डिसेंबरात, सकाळी आठला.

त्या सकाळी धुकं असं होतं की व्हॅनचं नाक दिसत नव्हतं. आमच्याकडे धुक्यात गाडी कानांनी चालवतात. रेडिओ बंद, काचा खाली, बोलायचं नाही. चौक आला की इंजिन जवळजवळ थांबवायचं आणि सगळ्यांनी कान द्यायचे. दोन्या ओबदुलियांचे कान आमच्यात सगळ्यात तिखट. त्या डोकं बाहेर काढून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "जा."

चोन पेट्रोलपंपापाशी उभा राहायचा. त्या दिवशी तो नव्हता.

"झोपला असेल मेला," दोन्या म्हणाल्या. "चल तू. परीक्षा आहे तुझी."

तेयोने हॉर्न दिला. मग खाली उतरून हाक मारली. मग व्हॅन वळवून चोनच्या घरी नेली. त्याची आई दारात आली आणि म्हणाली, "तो कधीच निघाला की."

तेयोचा चेहरा बघून मला कळलं की आता आपण कुठेही जाणार नाही. पंप आणि चोनचं घर यांच्यामध्ये कालवा आहे, त्याला कठडा नाही, आणि धुक्यात तिथे माणसं गेलेली आहेत.

"तेयो, अरे आठ वाजता पेपर आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मी उतरते, मी शोधते त्याला. तू जा."

"म्हणजे मग दोघांना शोधायचं," तो म्हणाला, आणि पायीच कालव्याकडे निघाला. आम्ही दर थोड्या वेळाने हॉर्न देत राहिलो, आम्ही कुठे आहोत ते त्याला कळावं म्हणून.

चोन सापडला. कालव्याच्या वाटेने भलत्याच दिशेला, मान खाली घालून, थंडीने काकडत चालला होता. आपण पंपाकडे चाललोय असं त्याला वाटत होतं. तेयो त्याला दंडाला धरून घेऊन आला. दोन्या ओबदुलियांनी आधी त्याला त्यांची शाल दिली आणि मग डोक्यात एक टपली. तेयो गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "काचा खाली घ्या."

आम्ही पोचलो आणि तेयो एकटाच वर गेला, तेव्हा वर्गाचं दार बंद होतं. अर्ध्या तासानंतर कुणालाही आत घेणार नाही, हे प्राध्यापकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दाराच्या काचेतून आतली माणसं माना खाली घालून लिहिताना दिसत होती. तेयो जरा वेळ त्या काचेपाशी उभा राहिला. मग खाली आला आणि व्हॅनमध्ये बसला.

"ठोठावलंस का?" मी विचारलं.

"नियम आहे," तो म्हणाला.

आता सांगते ते तुम्हाला खुळेपणाचं वाटेल, पण आमच्यातल्या कुणालाही ते तेव्हा सुचलं नाही. तो दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत गेला नाही. त्याने चार ओळी लिहून कळवलं नाही. आम्हीही जा म्हटलं नाही. आमच्या आईबापांनी मळ्यावर मुकादमाला कधी कारण सांगितलं नव्हतं. उशीर झाला की त्या दिवशीचं काम गेलं, मान खाली घालून घरी यायचं, दुसऱ्या दिवशी लवकर जायचं. आम्ही कॉलेजातही तेच केलं. तेयो नापास झाला, जानेवारीत ते गुण विद्यापीठाला कळवले, आणि एप्रिलमध्ये आम्हा तिघांना होकार आले, त्याला नकार.

चोन महिनाभर त्याच्याशी नजर मिळवत नव्हता. शेवटी तेयोनेच त्याला पकडलं. "तू कालव्यात गेला असतास तर मी पास होऊन काय केलं असतं रे?" असं म्हणाला आणि त्याला पुढच्या सीटवर बसवलं. त्या दिवशी चोन झोपला नाही.

ऑगस्टमध्ये तेयोने आम्हा तिघांना आपापल्या विद्यापीठात पोचवलं. दोन्या ओबदुलियांचं जवळच होतं, त्या रोज घरी येणार होत्या. चोनचं दक्षिणेला. माझं सॅक्रामेंटोला. त्याने माझी पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवली, खिडकी उघडझाप करून बघितली, आणि दारात उभा राहून विचारलं, "सुटणार किती वाजता?" सवयीने विचारलं त्याने, आणि मग आपणच हसला. तो गेल्यावर मी खिडकीतून ती व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत बघितली आणि पलंगावर बसून रडले. रिकामी व्हॅन घेऊन जाणाऱ्या माणसाचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सॅक्रामेंटोत माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची मांजर आजारी पडली म्हणून ती परीक्षेला आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्राध्यापकांना कळवलं, आणि त्यांनी तिला नवी तारीख दिली. ती हे मला जेवता जेवता सांगत होती, बस चुकली असं सांगावं तसं. मी ताट तसंच टाकून बाहेर गेले आणि तेयोला फोन लावला.

"अरे, विचारता येतं," मी म्हटलं. "दार बंद झालं तरी नंतर जाऊन विचारता येतं. मांजरासाठीसुद्धा देतात."

पलीकडे त्याने इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, "विचारायचं असतं होय?"

तोच विषय, तेच प्राध्यापक, तो पुन्हा करत होता. माझ्या फोननंतर तो एकदाचा त्यांच्या खोलीत गेला आणि मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून ठेवला म्हणे. "मी वर्षभर विचार करत होतो, सगळ्यात चांगला विद्यार्थी आलाच कसा नाही," ते म्हणाले. "तू मला येऊन सांगायचंस की." तेयो हे सांगताना हसत होता. मला काही हसू आलं नाही. एक अख्खं वर्ष, केवळ आमच्या भिडस्तपणापायी.

त्या वर्षी तो अव्वल आला. एप्रिलमध्ये नव्या अर्जाला होकारही आला. पण तो आम्हाला त्याच्या तोंडून कळला नाही, त्याच्या आईकडून कळला. कारण तोवर व्हॅनमध्ये नवी सहा पोरं बसायला लागली होती, आणि तेयो आईला म्हणाला होता, "मी गेलो तर यांना कोण आणणार?" मजुरांची फेरी त्याचा चुलतभाऊ घ्यायला तयार होता. कॉलेजची फेरी घ्यायला कुणी नव्हतं. होकार स्वीकारायची मुदत जून उजाडताच संपणार होती आणि हा बाबा गप्प बसला होता. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बघू."

दोन्या ओबदुलियांनी फोन केला नाही. त्या त्याच्या अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "चावी दे."

"कशाला?"

"मला शिकव. माझं विद्यापीठ त्याच रस्त्यावर आहे. पोरांना मी सोडीन, मी आणीन."

"दोन्या, तुम्ही आयुष्यात सायकल तरी चालवलीत का?"

"धुक्यात तुझी गाडी कोण चालवत होतं? तू नुसता चाक धरून बसायचास."

महिनाभर त्याने त्यांना पीचच्या मळ्यातल्या मातीच्या वाटांवर ती व्हॅन शिकवली. दोन झाडं आणि एक टपालपेटी कामी आली. परवाना मिळाला त्या संध्याकाळी तेयोने होकार कळवला.

सप्टेंबरात आम्ही तिघं त्याला पोचवायला निघालो. चोन दक्षिणेहून रात्रभराची बस करून आला होता. गाडी दोन्या चालवत होत्या. तेयो पुढच्या दुसऱ्या सीटवर, आणि समुद्र येईपर्यंत त्याचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

"ते पाय जागेवर ठेव," दोन्या म्हणाल्या.

"ठेवलेत."

"मग घाटात किंचाळतंय ते कोण?"

"व्हॅन किंचाळतेय, दोन्या. दुसरा गिअर घ्या."

विद्यापीठाच्या फाटकाशी तो उतरला. आईने दिलेली गोधडी, पुस्तकांचं खोकं, पीचची एक पेटी. चारही बाजूंनी त्याच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान पोरं चालली होती. तो हलेना. मी काच खाली घेतली आणि विचारलं, "सुटणार किती वाजता?"

त्याने तोंड फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाला, "दोन वर्षांनी. जूनमध्ये."

"इथेच उभा राहा," दोन्या म्हणाल्या. "उशीर केलास तर हॉर्न देईन."

दोन वर्षांनी जूनमध्ये आम्ही तिघं त्याच फाटकाशी गेलो. पदवीचा काळा झगा हातावर टाकून तो आधीच येऊन उभा होता, तरी दोन्यांनी हॉर्न दिलाच. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, सामान मागे टाकलं, चालकाच्या बाजूला गेला आणि चावीसाठी हात पुढे केला.

"मागे बस," दोन्या म्हणाल्या. "नेणाऱ्यानेच आणायचं."

तो मागे बसला. घाट चढायच्या आत, चोन बसायचा त्या कोपऱ्यात, काचेला डोकं टेकून झोपला. इतक्या वर्षांत त्याला त्या व्हॅनमध्ये झोपलेलं आम्ही कधीच बघितलं नव्हतं. मी रेडिओ बंद केला. त्याच्या वडिलांचा तो चौक आला तेव्हा आकाश निरभ्र होतं, लांबपर्यंत सगळं दिसत होतं, तरी दोन्या ओबदुलियांनी गाडी थांबवली, डोकं बाहेर काढून कान दिला, आणि मगच पुढे घेतली. त्याच्या दारात इंजिन बंद केलं तरी तो उठला नाही. त्याची आई बाहेर आली. आम्ही तिला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि चौघंही तिथेच अंगणात थांबलो, तो जागा होईपर्यंत.