बिनखुणेची लॉन्ड्री

तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते वडिलांचा राखाडी कोट आणायला गेली तेव्हा. पावती घरी विसरली होती. आता हा माणूस परत पाठवणार, या धास्तीने ती लॉन्ड्रीच्या फळीपाशी उभी राहिली. ती काही बोलायच्या आत त्या हडकुळ्या तरुणाने मागच्या दांडीवरून कोट काढून तिच्यापुढे ठेवला.

"आमचाच आहे हे कशावरून?" तिने विचारलं.

"डावा खिसा ओढला गेलाय. तुमचे वडील त्यात चष्म्याचं घर कोंबतात. आणि तुम्ही चालता अगदी त्यांच्यासारख्या."

पुढे दोन वर्षांत तिचं त्याच्याशी लग्न झालं. तिच्या धाकट्या भावाने त्याचं नाव 'कॅमेरा' ठेवलं आणि ते गल्लीभर झालं.

इतर लॉन्ड्र्यांत कपडा आला की कॉलरच्या आत पक्क्या शाईने आकडा घालतात. कॅमेऱ्याने तीस वर्षांत कुणाच्या कपड्यावर शाईचा ठिपका टाकला नव्हता. "लोकांच्या अंगावरच्या वस्तूवर आपण कशाला गोंदायचं?" असं म्हणायचा. गठ्ठा उघडायचा, एकेक कपडा उलटा करून शिवण बघायचा, की झालं. पांढऱ्या शर्टांत काय ओळखणार, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "वर्गातली जुळी पोरं बाईंना ओळखू येतातच की."

काम भट्टीपाशी उभं राहण्याचं. वाफेच्या इस्त्रीपुढे दहा-दहा तास. पाण्याने त्याची तहान भागत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानातून गोड थंड पेयांच्या बाटल्या यायच्या, रोज चार आणि उन्हाळ्यात सहा. दारूला मात्र त्याने जन्मात हात लावला नाही. पन्नाशी उलटली तसा त्याचा घेर वाढत गेला. "आता टेबल मागे सरकवू की तुम्हांला?" ती चिडवायची, आणि तो पोट आत ओढून आणखी दोन शर्ट हातावेगळे करायचा.

पहिली चूक झाली तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. दोन पॅंट इकडच्या तिकडे झाल्या. मग एकट्या राहणाऱ्या संगीत मास्तरांच्या गठ्ठ्यात बॅंकेतल्या बाईंचे तीन ब्लाउज गेले. मास्तर स्वतः परत घेऊन आले. "कॅमेऱ्याचा रोल संपलाय वाटतं," ते म्हणाले. दुकानात उभे होते ते सगळे हसले. ती हसली नाही.

कारण तिने सासूबाईंना पाहिलं होतं. साठीच्या आत त्यांना विसर पडू लागला होता. शेवटी शेवटी त्या पोटच्या मुलाला "अहो इस्त्रीवाले" म्हणून हाक मारायच्या आणि कपडे झाले का, असं विचारायच्या. तोही निमूटपणे "संध्याकाळपर्यंत होतील, बाई" म्हणायचा.

आता ती त्याच्यावर पाळत ठेवू लागली. दुपारी तो खुर्चीत बसे तो जड डोळ्यांनी, पेपरचं एकच पान समोर धरून. बोलता बोलता एखाद्या शब्दाशी अडे आणि हाताने हवेत काहीतरी चाचपे. ती तो शब्द पुरवत नसे. सापडेपर्यंत मनात आकडे मोजत वाट बघे.

विचारायचं धाडस होईना. म्हणून तिने वेगळाच उद्योग केला. तो जेवून आडवा झाला की ती दुकानात यायची आणि नव्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत, सहज दिसणार नाही असा, रंगीत दोऱ्याचा एक बारीक टाका घालायची. प्रत्येक घराला एक रंग. संध्याकाळी तो काम सोडून चहाला गेला की बांधलेले गठ्ठे चाचपून चुकलेला कपडा गुपचूप योग्य जागी ठेवायची.

तीन आठवडे एकही तक्रार आली नाही. "बघ, थकवाच होता तो," कॅमेरा खुशीत म्हणाला. आपण याला सावरलं की याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हे तिला कळेना.

एके दिवशी तो तीन कपडे हातावर टाकून स्वयंपाकघरात आला.

"हा हिरवा टाका कुणाचा?"

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "दातांच्या डॉक्टरांचा."

"आणि पिवळा?"

"बॅंकेतल्या बाईंचा."

तो स्टुलावर बसला. "कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे मी चुकतच होतो."

"रोज एखाददुसरा."

त्याने त्या टाक्यावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "मला वाटत होतं, मीच तुझ्यापासून लपवतोय. आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

तिने गॅस बंद केला आणि आपल्या मुलीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मुलगी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी प्रश्न विचारले, वजन केलं, रक्त काढायला सांगितलं आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. तिला राहवेना. "अहो बाई, आम्ही डोक्याचं विचारायला आलोय."

"डोकं काय वेगळ्या घरात भाड्याने राहतं?" बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी सगळे कागद बघून त्यांनी सांगितलं, "लिव्हरवर बरीच चरबी साठली आहे. साखरही काठावर आहे. अशा लोकांत काहींचं लक्ष लवकर विचलित होतं, विचार मंदावतो, असं अभ्यासांत दिसलंय. अशांच्या मेंदूला होणारा रक्तपुरवठाही थोडा कमी आढळलाय. पण हे लिव्हरमुळेच होतं, की साखर, वजन, झोप सगळं मिळून, ते मी छातीठोक सांगणार नाही."

"आणि आईचं दुखणं?" त्याने विचारलं.

"ते नाहीच, असंही आज म्हणत नाही. स्मरणशक्तीच्या तपासणीला पाठवते. लिव्हर मात्र या टप्प्यावर सुधारू शकतं. बाटल्या बंद, रोज चालणं, वजन हळूहळू खाली. डोक्याचं वचन मागू नका."

वचन मागायलाच तर ती आली होती. रिकाम्या हाताने परतली.

गल्लीत बातमी फुटली ती निम्मीच. लिव्हर म्हटल्यावर लोकांनी उरलेलं स्वतःच जुळवलं. तिचा भाऊ तर दारातच म्हणाला, "न पिता लिव्हर बिघडवलंत, भावोजी? निदान पिऊन तरी घ्यायचं होतंत."

"तू घोटभर अक्कल पी आधी," ती म्हणाली. कॅमेरा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसला, म्हणून तिने भावाला चहा दिला.

बाटल्या बंद झाल्या. पहिले पंधरा दिवस तो विंचू चावल्यासारखा फिरत होता. पुढे रोज संध्याकाळी दोघं नदीकाठच्या रस्त्यावर तासभर चालू लागली. शाई त्याने दुकानात येऊ दिली नाही, पण टाके घालायला आता तो स्वतः बसतो. सुईत दोरा मात्र तीच ओवून देते.

सहा महिन्यांत वजन नऊ किलोने उतरलं, लिव्हरवरची चरबीही कमी झाली. स्मरणशक्तीच्या तपासणीत लक्ष मंद निघालं, आठवण वयाच्या मानाने ठीक. तिथले डॉक्टर म्हणाले, "इतक्यात नाव देण्यासारखं काही नाही. वर्षाने पुन्हा या." हे बरं की वाईट, यावर दोघं घरी येईपर्यंत वाद घालत होती.

दुपारची पेंग गेली आहे. शब्द अडतात, पूर्वीपेक्षा कमी. निदान तिला तसं वाटतं, आणि आपल्याला तसं वाटावंसं वाटतं म्हणून तर वाटत नसेल ना, अशी शंका तिला भांडी घासताना हटकून येते. परवा त्याला शेजारच्या मुलाचं नाव आठवलं नाही. मग तिलाही आठवलं नाही, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

हल्ली तो सकाळी आठ ते एक लॉन्ड्रीत उभा असतो. दुपारनंतर दुकान ती बघते. त्या तपासणीला वर्ष भरत आलं आहे. पुन्हा तपासणी येत्या सोमवारी सकाळी दहाला आहे.