बजाक्काचा चारी पायांनी ओढणारा बैल

आमच्या मैंदर्गीत त्या गाडीला सगळे रेडा म्हणायचे. एकटी बजाक्का चिडायची. "रेडा असंल तुमच्या घरी," म्हणायची, "ह्यो बैल हाय."

बजाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचे मालक कोंडीबा भावजी हौशी माणूस. पुण्याकडं मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथनं ते हा ट्रक घेऊन आले. घरापेक्षा उंच, हिरवा का काळा ते कळू नये असा रंग, आणि चाकं माझ्या छातीला लागायची. कंपनीचं नाव रंगाखाली कुठं गेलं होतं देव जाणे. साध्या ट्रकाची मागची चाकं ढकलतात, ह्याची पुढचीसुद्धा ओढायची. एक दांडा खाली दाबला की चारी चाकं कामाला लागायची. आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत असेल. पावसात चप्पल रुतली तर चप्पल सोडून द्यावी लागते. एस.टी. फाट्यावरच माणसं उतरवून परत जायची. तिथनं गावापर्यंत मधे ओढा आणि नुसता चिखलगारा. त्यातनं तो ट्रक माणसं घेऊन म्हशीसारखा डुलत यायचा, पण यायचा.

त्याची तऱ्हाच उलटी होती. चिखलात कधी अडला नाही, आणि अक्कलकोटच्या चांगल्या डांबरी रस्त्यावर हमखास रुसायचा. सपाट, स्वच्छ रस्ता दिसला की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मग गुंडा ड्रायव्हर उतरून झाकण उघडायचा, वाफेनं तोंड भाजून घ्यायचा आणि कानडीत त्याला काहीतरी सांगायचा. तेलाच्या टाकीला भोक पडलं तर त्याला साबण लिंपायचा. बॅटरीचा भरवसा नाही म्हणून गाडी नेहमी उताराला लावायची. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याची पथ्यं सांभाळावीत तशी आम्ही ती सांभाळायचो.

कोंडीबा भावजी त्र्याहत्तर साली गेले. पोटी मूलबाळ नाही. तेराव्यानंतर आमच्या ह्यांनी विषय काढला. ह्यांनी म्हणजे रावजींनी. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच नाव, पण आता घेतल्याशिवाय तुम्हाला कळायचं कसं?

रावजी म्हणाले, "वैनी, ती गाडी सोलापूरच्या भंगारवाल्याला देऊ या. बाईमाणसानं ट्रक कसा सांभाळायचा?"

आक्का म्हणाली, "म्या कुटं चालवणार हाय? चालवायला गुंडा हाय की. म्या सांभाळणार."

"आन् वाटंत बंद पडली तर? रातच्याला बायकापोरं चिखलात बसली तर लोकं कुणाच्या नावानं बोंब मारणार? आपल्या घराच्या."

हे काही वाईट मनानं बोलत नव्हते. घराचं नाव म्हटलं की ह्यांची झोप उडायची, एवढंच. आक्का म्हणाली, "भावजी, ज्या दिवशी ह्या गाडीनं माणसं वाटंत टाकली, त्या दिवसापासनं ती रस्त्यावर येणार न्हाई. मग तर झालं?"

हे म्हणाले, "शब्द दिला न्हवं?"

"दिला की."

तेव्हापासनं बजाक्का त्या ट्रकची खरी मालकीण झाली. ड्रायव्हरच्या जागी ती एकदाही बसली नाही. पण गाडी फाट्यावरनं आली की पुढच्या पत्र्यावर तळवा टेकून उभारायची. किती तापलाय, धाप किती लागलीय, सगळं तिला हातालाच कळायचं. लगेच पाणी ओतू द्यायची नाही. "दमून आलेल्या बैलाला कुणी लगीच पाण्यावर नेतं व्हय रं गुंडा?" गुंडा पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, पण तिच्यापुढं गुमान उभारायचा. मागाहून मला म्हणाला, "वैनी, इंजनाचं शास्त्रबी तेच सांगतंय. गरम लोखंडावर गार पाणी ओतलं की चिरा जातात." मला शास्त्रातलं काय कळणार? आक्कालाही कळत नव्हतं. तिला बैल कळत होता.

आणि बैल म्हटल्यावर कारहुणवीला सुट्टी आलीच. ज्येष्ठातली पौर्णिमा, आम्हा बायकांची वटपौर्णिमा, ती आमच्या सरहद्दीच्या गावांत बैलांची कारहुणवी. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची आणि संध्याकाळी वेशीत तोरण बांधून ते तोडायला बैल पळवायचे. आक्का ट्रकालाही धुवायची, दिव्यांना गेरू लावायची, गोंडे बांधायची. पोरं हसायची. आमचे हे म्हणायचे, "पुरणपोळी कुटनं चारणार वैनी? नळीतनं?"

पंच्याहत्तर साली कारहुणवीच्या आधी तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला होता. सणादिवशी मी वडाला सूत गुंडाळून आले, तर आमच्या अंगणात शिवबाई उभी. शिवबाई वाण्याच्या बोळातली. तिची लेक सोलापूरला गिरणीकामगाराला दिलेली. ती पहिल्या बाळाला घेऊन माहेरी येत होती. एस.टी.नं फाट्यावर उतरवलं होतं. तिच्याबरोबर सणाला येणारी आणखी दहाबारा माणसं होती. कुणीतरी चिखल तुडवत पुढं येऊन निरोप दिला होता.

शिवबाई म्हणाली, "आक्का, दोन महिन्याचं लेकरू हाय गं. वरनं भुरभूर चाललीय."

आक्काचं गाडीच्या दिव्याला गेरू लावायचं चाललं होतं, बोटं लाल झालेली. "आज त्याचा सण हाय, शिवबाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. तिनं बोटं पदराला पुसली. "गुंडा, चल. म्याबी येती संगं."

जाताना ट्रक झोकात गेला. येताना ओढा उतरून गावाकडच्या चढाला लागला, आणि पुढनं असा आवाज आला की आम्हाला वेशीत ऐकू आला. कडाड! पुढच्या चाकांना फिरवणारा लोखंडी दांडा मोडला होता. मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागली. गाडी तिथंच रुतली. वर बायका, पोरं, बोचकी. खाली ओढ्याचं पाणी वाढत होतं.

गाव धावलं. मीही धावले. गुंडा चाकाखालनं बाहेर आला, तोंडाला चिखल. "मुगीतु आक्का," म्हणाला. संपलं.

कुणीतरी ओरडलं, "बैल आणा रं! चार जोड्या लावल्या तर निघंल."

बैल होतेच की तिथं. गडी माणसं सणाला सजवलेले बैल घेऊनच गंमत बघायला आली होती. रंगवलेली शिंगं, झुली, फुगे. पण आज जू कोण ठेवणार? म्हाताऱ्या ज्ञानबानं आपल्या बैलाची वेसण घट्ट धरली, जसं काही कुणी हिसकावूनच घेणार होतं.

आक्का ट्रकाच्या फळीवरनं खाली उतरली. गुडघ्याएवढ्या चिखलात उभी. म्हणाली, "कुणाचा बैल जुंपायचा न्हाई. माझा जुंपला आज म्या, बघा काय झालं त्याचं."

तेव्हा आमचे हे पुढं झाले. नवं धोतर, डोक्याला फेटा. धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "दोर आणा. आज बैलांनी बघायचं आन् माणसांनी ओढायचं. ज्ञानबा, तुमी वेसण सोडा आता, दोर धरा."

बायका आणि लेकरं खांद्यावरनं काठावर आणली. शिवबाईनं नात घेतली ती थेट घराकडंच सुटली, मागं लेक चालतीय का नाही हेही बघितलं नाही. मग दोर बांधला आणि तीस-चाळीस माणसं लागली. मागनं आम्ही बायकांनी हात लावला, उपाशीपोटी. सजवलेले बैल काठावर ओळीनं उभारून रवंथ करत आमच्याकडं बघत होते. इतक्या निवांत नजरेनं कुणी मला राबताना बघितलेलं नाही. गाडी हलली, वर आली, अंगणात आली. तवर दिवेलागण व्हायला आली होती, म्हणून वेशीतलं तोरण बैलांनी त्या वर्षी अंधारातच तोडलं.

रात्री जेवणं झाल्यावर हे ओसरीवर आक्कासमोर बसले. मी दारात. मला वाटलं, आता शब्दाचं निघणार. निघालंच, पण ह्यांच्याकडनं वेगळंच निघालं.

"वैनी, माणसं घरी पोचली. माणसं टाकली असं म्या म्हणत न्हाई. मागची चाकं धड हायती. दांडा मिळतोय का बघू सोलापुरात."

आक्का म्हणाली, "गुंडानं मागंच चौकशी केलीया. तसल्या गाडीचा दांडा आता कुटं मिळत न्हाई. आन् पुढची चाकं ओढणार न्हाईत तर ह्यो काय कामाचा? डांबरी रस्त्यावर तर तो पहिल्यापासनंच नखरं करतोय."

"तरी पण—"

"भावजी, तुमी मोठ्या मनानं बोलताय. पण आज त्यानं माणसांना आणलं न्हाई, माणसांनी त्याला आणलं. उद्या परत कुणी लेकरू घिऊन फाट्यावर बसंल, आन् मला 'व्हय' म्हणावं लागंल, आन् गाडीवरचा भरवसा तर गेला. तसलं 'व्हय' मला जमायचं न्हाई." मग म्हणाली, "रस्त्यावर येणार न्हाई म्हणालते. भंगारवाल्याला देईन असं न्हवते म्हणाले. म्हातारा झाला म्हणून बैल कुणी कसायाला देतं का?"

मी तिचा पुष्कळदा विचार करते. आपल्या वस्तूची बाजू सगळेच घेतात. आमच्या चक्कीवाल्याचं जातं कधी खराब नसायचं, जोंधळाच वाईट असायचा. आक्काचा जीव त्या गाडीत होता, नवऱ्याची तेवढीच एक खूण होती तिला, दारात माणसं विचारायला यायची तो मानही गाडीमुळंच. समोरचा माणूस "असू दे" म्हणत असताना तिनं "नाही, भरवसा गेला" म्हटलं. रडली नाही. पण दोन दिवस जेवण कमी होतं, ताट घासणारी मीच होते, मला माहीत आहे.

पुढं गुंडानं डोकं चालवलं. गाडी आवारात कडेला नेली, मागचा भाग दगडांवर उचलून धरला, एका चाकाचं टायर काढलं आणि तिथनं पट्टा आणला कडबा तोडायच्या यंत्राला. इंजिन चालू केलं की चाक फिरायचं आणि पेंढीच्या पेंढी बारीक होऊन पडायची. आवाज असा की आमच्या घरात खुणेनंच बोलावं लागायचं. चार गावांतली माणसं कडबा घेऊन आक्काच्या दारात यायला लागली. पूर्वी फाट्यासाठी यायची त्याहून जास्तच.

एक दिवस आमचे हे डोक्यावर पेंढी घेऊन सरळ पुढं गेले. आक्का तिथं बाजेवर बसलेली.

"भावजी, मागं उभारा. नंबरानं."

"आवो वैनी, म्या घरचा हाय की!"

"म्हणूनच की. घरच्यानं शेवटाला उभारायचं."

हे पेंढी घेऊन मागं गेले आणि ज्ञानबाच्या पाठीमागं उभारले.