फुली असेल तिथे सही

माझ्या थोरल्या भावाला बँकेत खुर्ची नव्हती. एकतीस वर्षं त्याने त्या बँकेसाठी बाजारातून रोजची बचत गोळा केली, पण तो पगारी नोकर नव्हता. जमेल त्यावर कमिशन, एवढंच. भरणा करायला गेला की काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहायचा. शिपायालासुद्धा स्टूल होतं. दादाला हे खटकत असेल असं मला कधी वाटलं नाही. तो बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बाजारात मात्र त्याचा मान मोठा. सगळे त्याला दादाच म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. सव्वापाचला तो पहिल्या दुकानाची पायरी चढायचा. घड्याळं दुरुस्त करणारा म्हणायचा, "आले! थांबा, माझी सगळी घड्याळं लावून घेतो." हा विनोद तो रोज करायचा आणि दादा रोज हसायचा.

दुकानं छोटी, माणसं एकेकटी. गल्ला सोडून बँकेत जायची कोणाची सोय नाही. त्यामुळे बँकेचा कुठलाही कागद निघाला की दादा तो घरी आणायचा, दोनदा वाचायचा, सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या पुढे ठेवायचा. फुली दिसली की सही. वाचत कोणीच नसे. सलूनवाला तर एका हाताने गिऱ्हाइकाची मान धरून दुसऱ्या हाताने सही करायचा. सुरुवातीला दादा म्हणायचा, "अहो, वाचा तरी." त्यावर ठरलेलं उत्तर, "तुम्ही वाचलंय ना? मग झालं." पुढे त्याने म्हणणं सोडून दिलं. त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, हे मी सख्खी बहीण असून सांगते.

बाजाराच्या मधोमध एक खोली होती, आठ बाय दहाची. तिथे एक बाई कपडे शिवायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पाठीमागच्या माळ्यावरच झोपायच्या. खोली भाड्याची. जागेच्या मालकाने त्यांना शब्द दिला होता, की विकायची झाली तर आधी तुम्हालाच विचारीन. त्या एका शब्दावर त्यांनी सव्वीस वर्षं दादाच्या हातात रोज काही ना काही ठेवलं. आजारी असल्या तरी शेजारच्या सलूनवाल्याकडे देऊन ठेवायच्या. आणि खरंच, ज्या वर्षी मालकाने खोली विकायला काढली, त्या वर्षी त्यांची ठेव जवळपास तेवढीच झाली होती. दोन महिन्यांनी व्यवहार करायचा ठरला.

एका सोमवारी बँकेचं शटर वर गेलंच नाही.

कारण पुढे सगळ्यांना कळलं. संचालकांनी गावाबाहेरच्या एका गिरणीला डोळे मिटून कर्ज दिलं होतं आणि गिरणीवाल्याने हात वर केले होते. लोक शटरसमोर उभे राहिले, ओरडले, दुपारी घरी गेले. दादा शेवटपर्यंत थांबला. जो येईल त्याला सांगत होता, "दोन दिवसांत उघडेल." त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी कोर्टाने अवसायक नेमला. बुडालेल्या बँकेची येणी वसूल करायची, मालमत्ता विकायची आणि येईल ते ठेवीदारांना वाटायचं, हे त्याचं काम. बाजारात हा शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. घड्याळवाला म्हणाला, "अवसायक म्हणे! अवदसा कशी असते ते बघितलंय, आता हे बघू."

पण माणूस वागायला फार मऊ. आला त्याच आठवड्यात त्याने दादाला बोलावून घेतलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये. उठून उभा राहिला, समोरची खुर्ची हाताने ओढून दिली आणि म्हणाला, "बसा दादा. ही बँक तुमच्यासारख्यांनी चालवली, केबिनमधल्यांनी बुडवली."

घरी येऊन दादाने हे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी वहिनी म्हणाली, "कळलं हो. खुर्ची दिली. आता घरातल्या खुर्चीवर बसून दोन घास खाऊन घ्या." मी मात्र म्हटलं, "वहिनी, देवानेच पाठवला असेल हा माणूस." माझे हे शब्द मला आजही आठवतात आणि देवापुढे बसले की लाज वाटते.

त्यानंतर दादा आठवड्यातून दोन-तीनदा केबिनमध्ये जायला लागला. कोण कुठे राहतो, कोणाची ठेव किती, कोण अडचणीत आहे, साहेब विचारायचे आणि दादा सांगायचा. चहा यायचा. साहेब त्याचं ऐकून घ्यायचे. मध्ये आठ महिने गेले. जागेचा मालक शिवणाऱ्या बाईंना म्हणाला, "मी थांबतो, पण किती थांबू?"

एक दिवस साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, "दादा, बाहेर बोलू नका. गिरणीवाल्याकडून काही यायचं नाही. बँकेच्या इमारतीवर आधीच कर्जाचा बोजा आहे. शंभरातले सात मिळाले तरी नशीब, तेही पाच वर्षांनी. मी अधिकारी म्हणून हे सांगू शकत नाही, माणूस म्हणून सांगतोय. एक गृहस्थ ठेवीदारांचे हक्क विकत घेतोय. शंभराला अठरा, रोख. तुमच्या लोकांचं तरी भलं होऊ दे."

दादाने तो कागद घरी आणला. दोनदा वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की ठेवीवरचा सगळा हक्क मी राजीखुशीने देत आहे, पुढे कितीही रक्कम वाटली गेली तरी माझी तक्रार नाही.

वहिनी म्हणाली, "सातच येणार आहेत तर तो अठरा कशाला देतोय? त्याला काय वेड लागलंय?"

"त्याला थांबायला परवडतं. आपल्याला नाही."

"त्याला सात येणार असतील तर थांबून काय करणार? सातच घेणार ना?"

दादा चिडला. तो कधी चिडत नसे. "तुला बँकेतलं काय कळतं? साहेब खोटं बोलतील?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मीही तिच्यामागे गेले. एवढा साधा हिशेब वहिनीने मांडला होता, चौथीतल्या पोराला कळावा असा. पण दादाने आयुष्यभर बँकेचा कागद खरा धरला होता आणि आता तर कागद देणाऱ्याने त्याला बसायला खुर्ची दिली होती.

पहिली सही त्याने स्वतःच्या ठेवीची केली. मग त्रेचाळीस कागदांवर फुल्या मारल्या.

लोकांनी विचारलं नाही असं नाही. सलूनवाला म्हणाला, "दादा, अठराच?" दादा म्हणाला, "माझेही अठराच घेतलेत." तेवढ्यावर त्याने सही केली. बाकीचेही तसेच. शिवणाऱ्या बाईंनी मात्र मशीन थांबवलं. चष्मा वर केला.

"दादा, अठरात माझी खोली होत नाही."

"माहीत आहे ताई."

"थांबले तर?"

"थांबलात तर हेही जाईल."

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. वाचत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून हो." आणि फुलीवर सही केली. हे मला दादानेच सांगितलं, सगळं संपल्यावर.

सह्या झाल्यावर पाचव्या महिन्यात पहिलं वाटप जाहीर झालं. शंभराला पन्नास. वर्ष संपायच्या आत आणखी तीस. गिरणीची जमीन विकली गेली होती आणि गिरणीवाल्याशी तडजोड झाली होती. वरच्या पेठेतल्या ज्या ठेवीदारांनी हक्क विकले नव्हते, त्यांना ऐंशी मिळाले. त्यांच्याच एका वकीलबाईंनी कागद काढले, तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. तडजोडीचं पत्र साहेबांच्या हातात आलं होतं, दादाला दार लावून सांगितलं त्याच्या तीन आठवडे आधी. आणि हक्क विकत घेणारा गृहस्थ साहेबांचा साडू होता.

दादा त्या दिवशी घरी आला आणि बूट न काढता आत बसला. वहिनी काही टोचून बोलेल असं मला वाटलं. तिने फक्त त्याच्या पायातले बूट काढले.

कोर्टात साक्ष द्यायला वकीलबाईंनी दादाला बोलावलं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "तुमच्यावर उलटेल. चालेल?" दादा म्हणाला, "चालेल. त्या बाईंची खोली वाचली पाहिजे." मालक निकाल लागेल त्या महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला होता. कागद रद्द झाले असते आणि ऐंशी मिळाले असते, तर थोडी उसनवारी करून खोली झाली असती. दादाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मी आणि वहिनी मागच्या बाकावर बसलो होतो. साहेबांच्या वकिलाने विचारलं, "कागद तुम्ही वाचला होता?"

"वाचला होता."

"लोकांना वाचून दाखवला?"

"नाही."

"लोकांनी स्वतः वाचला?"

"नाही. ते कधीच वाचत नव्हते."

"का?"

"मी होतो म्हणून."

"तुम्हाला या व्यवहारात काय मिळालं?"

दादाने जरा विचार केला. म्हणाला, "साहेबांनी बसायला खुर्ची दिली होती."

कोर्टात लोक हसले. तो वकीलही हसला. दादा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला, कारण त्याने विनोद केला नव्हता. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

निकाल लागला. साहेबांना पदावरून काढलं, त्यांचं मानधन परत घ्यायचं ठरलं, ताशेरे ओढले. पेपरात आलं. पण हक्क विकल्याचे कागद सज्ञान माणसांनी सही करून, पैसे घेऊन दिलेले. ते रद्द करायचे तर प्रत्येकाने वेगळा दावा लावावा, असं कोर्टाने म्हटलं. त्याची फी, वकील, तारखा. अठरातले बरेच तोवर खर्चून गेले होते. सलूनवाला म्हणाला, "आता पुन्हा कुठल्या कागदावर सही करायची? जाऊ दे." राग असता तर बरं झालं असतं. लोक दादाला शिव्या देत नव्हते. तो आला की कामात मान घालायचे.

मी रोज सकाळी देवाला हात जोडते. त्या महिन्यात मी नेमकं काय मागायचं तेच मला सुचेना. झालेलं उलटं फिरवता येत नाही हे देवालाही माहीत असणार. मी नुसती बसून उठायचे.

महिनाअखेरीला खोली मोबाइल विकणाऱ्याने घेतली. बाई लांबच्या बहिणीकडे जाणार असं कळलं. दादा सकाळीच निघाला. मी त्याच्या मागे गेले, त्याला एकट्याला सोडवेना. दारात टेम्पो उभा होता. कपड्यांची दोन गाठोडी, एक ट्रंक, इस्त्री, आणि भिंतीला टेकवलेलं मशीन, पायाने चालवायचं, लोखंडी स्टँडचं. ते उचलायला दोन माणसं लागतात. दादाने बाह्या वर केल्या आणि एका बाजूने स्टँड धरला.

"राहू द्या दादा," बाई म्हणाल्या. "हमाल येतोय."

"मी आहे ना ताई. एवढ्यासाठी हमाल कशाला?"

"पैसे सांगून झालेत त्याला."

"मी देतो त्याचे."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हीही फसलात, कळतं मला. पण सोडा ते. तुम्ही काही करू लागलात की मला भीती वाटते."

दादाने स्टँडवरचे हात काढले. तेवढ्यात हमाल आला, दार अरुंद म्हणून म्हणाला, "बाजूला व्हा हो, काका." दादा बाजूला झाला आणि मशीन बाहेर गेलं.