बदलीचा हुकूम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आणि मोकळी होते.

माझे सासरे, आबा, साताऱ्याकडचे, एकाहत्तरच्या लढाईतले शिपाई. सासूबाई गेल्यावर ह्यांनी त्यांना आमच्याकडे जयपूरला आणलं. तोवर आबांना विसरायला होऊ लागलं होतं. एका दिवाळीत आमच्या राजा पार्क वस्तीभर फटाके वाजले आणि आबा काठी घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेले, ते तिथेच राहिले. त्यांच्या लेखी लढाई पुन्हा — पुन्हा कसली, संपलीच नव्हती. हे अंगणातून ओरडायचे, "आबा, लढाई कधीच संपली, खाली या!" आबा ढिम्म हलायचे नाहीत.

मला कारण माहीत होतं. माझ्या लग्नानंतर, मी भाजी निवडत असताना, आबांनीच एकदा सांगितलं होतं — पहारेकरी हाकेला जागा सोडत नाही. बदलीचा माणूस शेजारी येऊन उभा राहतो, "आता पहारा माझा" म्हणतो, मगच तो हलतो. एवढंच तर करायचं होतं. एक जिना चढून.

मग का नाही केलं? खरं सांगू? आबा वर गेले आणि घर माझं झालं. चहात आलं कमी पडलं म्हणून कुरकुर नाही, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. ताट मात्र मी दोन्ही वेळा वर न्यायचे. ते विचारायचे, बदलीचा हुकूम आला का? मी म्हणायचे, अजून नाही, आबा — आणि तेही किती गोडीनं! शेजारच्या भाभीजी म्हणायच्या, बहू हो तो ऐसी. ते मला आवडायचं. जयपूरचा उन्हाळा, त्यांच्या डोक्यावर पत्रा, आणि मी खाली कूलरसमोर.

या संक्रांतीला सगळ्या गच्च्या पतंगांनी आणि आरडाओरड्यानं भरल्या होत्या. मी तिळगूळ घेऊन वर गेले. आबांनी हुकमाचं विचारलंच नाही. म्हणाले, "पोरी, म्या जित्ता हाय म्हनून घरी कळवलंय न्हवं?"

मी वाटी खाली ठेवली, पदर खोचला, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "लढाई संपली, आबा. आता पहारा माझा." त्यांनी काठी माझ्या हातात दिली — किती सहज! — आणि कठडा धरून खाली उतरले. दुपारभर दिवाणावर घोरत होते. मी स्वयंपाकघरात रडले, आणि खूप हलकं वाटलं.

आता चहावरून रोज बोलणी खाते. बरं वाटतं, अगदी खरं. हे सगळ्यांना सांगत सुटलेत, नव्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण आला म्हणून. मीही मान डोलावते. गुण कशानं येणार, ते मला त्या दिवाळीपासून माहीत होतं.