पाजळलेली वेज

दौंडच्या रेल्वे मैदानावर गवत नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण गोल्फच्या काठ्यांबद्दल मला ज्यांनी ज्यांनी अक्कल शिकवली ते सगळे हे सोयीस्कर विसरले होते. मुरुम, बाभळी, आणि होलभोवती इंजिनाचं जळकं तेल घालून दाबलेली वाळू. गवताच्या 'ग्रीन'च्या जागी असलेल्या त्या काळ्या गोलाला आम्ही ब्राउन म्हणायचो. चेंडू होलमध्ये गेला की लोखंडी पाइप ओढून आपल्या पावलांचे ठसे आपणच बुजवायचे, अशी तिथली रीत. साहेब लोक बुजवत नसत. कुठला ठसा कुणाच्या बुटाचा हे मला पाठ झालं होतं.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. मी रेल्वेच्या इंजिनिअर ऑफिसात नकाशे काढायचो. आमचं घर शिरूरचं, मिशनच्या वस्तीतलं. मायदेशी परतताना तिथल्या गोऱ्या पाद्र्याने जुन्या काठ्यांची पिशवी मला दिली आणि मला हे वेड लागलं. दिवसभर मी दुसऱ्याच्या हुकमाने रेघा ओढायचो. मैदानावर मात्र चेंडू चुकला तरी तो माझा चुकलेला असायचा. तेवढ्यासाठी मी भर दुपारच्या उन्हात, साहेब झोपलेले असताना, खेळायला जायचो.

क्लब अधिकाऱ्यांचा. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी कारकून, ड्राफ्ट्समन यांना मेंबर करायचं की नाही यावर तिथे चहा पीत चर्चा चालायच्या. मी अर्ज केला तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, "माझ्याबरोबर एक फेरी खेळ. जिंकलास तर मेंबर. हरलास तर दुपारचं हे चोरून खेळणंही बंद." हा माणूस पुण्याचाच, पण माझ्याशी मराठी बोलताना त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. मी हो म्हणालो. माझे लांबचे फटके बरे होते. घोडं अडत होतं ते ब्राउनजवळ आल्यावर.

जवळून चेंडू उचलून अलगद टाकायची पाद्र्याची जुनी काठी मी रागाच्या भरात दगडावर आपटून मोडली होती. नवी घेणं भाग होतं. क्लबातले सगळे एका सुरात म्हणाले, सँड वेज घे, जाड तळाची काठी. मी पुण्याच्या दुकानातून वापरलेली, पण चकचकीत वेज आणली. पहिल्याच फटक्याला तिचा जाड तळ मुरमावर आदळून वर उसळला आणि कड चेंडूच्या डोक्यात बसली. चेंडू ब्राउनवरून सुसाट बाभळीत. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मी तिला मनात येतील त्या शिव्या दिल्या.

मग डोकं जरा थंड झाल्यावर उमगलं. जाड तळ हा मऊ वाळूसाठी, म्हणजे काठी वाळूत रुतू नये म्हणून. आमच्याकडे रुतायला होतं काय? कडक जमिनीला तळ पातळ हवा, टेकला की सरकणारा. हे त्या चहा पिणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नव्हतं, कारण त्यांच्या वेजा दुसऱ्या कुठल्या तरी हिरव्या मैदानासाठी घेतलेल्या होत्या आणि इथे चुकलेला फटका ते मुरमाच्या नावावर खपवत.

मी कानस मिळवली आणि सुटीच्या दिवशी शिरूरला घरी बसून वेजचा तळ घासू लागलो. टाच, म्हणजे तळाची मागची बाजू, थोडी घासायची, अंगणातल्या कडक जमिनीवर टेकवून बघायची, पुन्हा घासायची. पुढची कड मात्र बोथटच ठेवायची, नाहीतर ती जमिनीत घुसणार. आप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्याच्या दारात बसून सगळं बघत. विचारत काहीच नसत. एका रविवारी काम जवळजवळ जमलं. थोडी टाच राहिली होती. वेज गोठ्याच्या भिंतीला टेकवून मी दौंडची एसटी पकडली.

त्याच आठवड्यात सेक्रेटरीने निरोप धाडला, फेरी येत्या रविवारी. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी वेज आणायला शिरूर गाठलं.

गोठ्याच्या भिंतीशी कुदळी, खुरपी, कुऱ्हाडी ओळीने लावल्या होत्या. पेरणीच्या आधी घरातलं सगळं लोखंड लोहाराकडे जातं, तापवून, ठोकून, पाणी देऊन पाजळून येतं. दरवर्षीचं काम. त्या ओळीत माझी वेज उभी होती. चकाकी जळून निळीकाळी पडलेली, आणि पुढच्या कडेला अशी धार की बोट लावायची भीती वाटावी.

"आप्पा, हे काय केलंत!"

"तू घरी आला की कानस घिऊन बसत व्हतास. धार काय निघंना. म्हटलं, पोराचा जीव चाललाय, खुरप्यांबरुबर तिलाबी धाडावी." आप्पा खूश होते. "बघ, कशी झालीय ती!"

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेजारी बाहेर आले. आप्पांना माझा राग कशाचा तेच कळेना. अवजार बोथट ठेवणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी कानस घेऊन धार बोथट करायला बसलो, तर लोहाराने पाणी इतकं चोख दिलेलं की कानस नुसती घसरत होती. चांगलं काम झालं होतं, हाच खरा वैताग होता.

रविवारी दौंडच्या मैदानावर दुसऱ्याच होलला वेज वापरायची वेळ आली. मी मारली. ती मुरमात घुसली आणि दांडा सोडला तरी उभीच राहिली. चेंडू जागचा हलला नाही.

सेक्रेटरी पोट धरून हसला. "विहीर खणतोयस का?"

अंगाची लाही लाही झाली. मी वेज उपटून पिशवीत टाकली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. पुढे ब्राउनजवळ आलो की पाच नंबरची काठी घ्यायचो आणि चेंडू मुरमावरून सरळ घरंगळत सोडायचो. तेलकट वाळूत शिरला की तो आपोआप थांबायचा. दिसायला काही नाही, पण एकेक होल माझ्या बाजूला येत गेला. सेक्रेटरीची जाड तळाची वेज मात्र उसळतच राहिली. शेवटच्या ब्राउनवर माझा चेंडू आत गेला, त्याचा काठावर राहिला. मी जिंकलो होतो.

त्याने हात पुढे केला नाही. तो माझ्या पिशवीकडे गेला, वेज काढली, कडेवरून अंगठा फिरवला. "ही काठी नियमात बसत नाही. फेरी बाद. तू हरलास."

"दुसऱ्या होलला बघितलीत की तुम्ही! हसलात! तेव्हा नाही बोललात!"

"तेव्हा नीट पाहिली नव्हती."

तो आपले ठसे न बुजवता निघून गेला. मी लोखंडी पाइप ओढला, माझे बुजवले, त्याचे तसेच ठेवले. तेवढाच माझा निषेध. त्या मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही, आणि तो राग आज म्हातारपणीही माझ्या पोटात जसाच्या तसा आहे.

संध्याकाळी शिरूरला आलो. आप्पा अंगणात वाट बघत होते. कालचं ओरडणं विसरून त्यांनी उठून विचारलं, "काय रं? धार कमी पडली व्हय?"

"जिंकलो आप्पा. पण त्याने धारेला हात लावून बघितला आन् म्हणाला, हरलास."

आप्पा म्हणाले, "म्हंजी भ्यालं ते."

मी तीच वेज उचलली आणि मागच्या दारी माजलेल्या हरळीवर दातओठ खाऊन घातली. हरळी मुळासकट निघाली.