पावणेतीन तास

तिकीट कचेरीतल्या त्या कारकुनाला सगळे मिनिटराव म्हणत. सव्वीस वर्षं लोकांना विमानाची तिकिटं काढून देणारा हा गृहस्थ स्वतः कधी विमानात बसला नव्हता. पण कुठलीही दोन शहरं सांगा, मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ तोंडपाठ. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची तसदी तो घेत नसे.

त्या दिवशी सकाळी अकरा दहाला त्याची ताई परदेशी लेकीकडे निघाली. ताईची फुप्फुसं कामातून गेलेली. नाकात नळी, मांडीवर प्राणवायूचं यंत्र. यंत्राच्या बॅटऱ्या दोन, प्रत्येकी दोन तासांच्या. आदल्या दिवशी मिनिटरावाने जेवता जेवताच तिच्या तिकिटावर नजर टाकली होती. सुटणार अकरा दहाला, पोचणार एक पंचावन्नला.

"पावणेतीन तास, ताई. वर सव्वा तास शिल्लक. चार्जर मोठ्या बॅगेत टाक, उगाच हातात ओझं कशाला?"

ताईने निमूट टाकला.

पावणेबाराला कचेरीत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनाही नेमकं तिथंच जायचं होतं. "किती लांब आहे हो?"

"तीन हजार चारशे किलोमीटर," मिनिटराव सवयीने म्हणाला आणि बोटांवर हिशेब करू लागला. एवढं अंतर पावणेतीन तासांत? असं प्रवासी विमान त्याच्या ऐकिवात नव्हतं. समोर भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक तिथलं, दोन तास मागे. त्यानेच टांगलेली. पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, हे तो रोज दहा जणांना बजावायचा. घरच्या माणसाच्या वेळी मात्र डोळ्यांवर झापड!

खरे पावणेपाच तास. बॅटऱ्या तीन दहाला संपणार, विमान उतरणार तीन पंचावन्नला. त्याने विमान कंपनीला फोन लावला.

"ते विमान हवेत आहे, साहेब," पलीकडची बाई म्हणाली.

"अहो, म्हणूनच फोन केलाय!"

तिने सगळं ऐकून घेतलं. "वैमानिकाला निरोप पाठवते. पण तो पोचला की नाही, हे मला कळेलच असं नाही."

म्हातारबुवा कंटाळून निघून गेले. मिनिटरावाने डबा उघडला नाही. तीन दहा झाले तेव्हा तो उगाचच उभा राहिला. तीन पंचावन्न. चार. चार वीसला फोन वाजला.

"पोचले रे बाबा. लेक समोरच उभी आहे."

"श्वास? श्वास कसा आहे?"

"उत्तम. यंत्राचा लाल दिवा लागायच्या आत एक मुलगी विमानातला प्राणवायू घेऊन हजर! तूच सांगून ठेवलं असणार." ताई हसली, थोडी खोकली. "आणि गंमत ऐक. पावणेतीन तास झाले तशी मी पर्स घेऊन तयार बसले. खाली बघते तर नुसता समुद्र. शेजारचा म्हणतो, अजून दोन तास आहेत. मी त्याला चांगलंच सुनावलं. म्हटलं, माझा भाऊ चुकायचा नाही, तुमचंच घड्याळ बिघडलंय."

"ताई," मिनिटराव म्हणाला, "त्याचं घड्याळ बरोबर होतं." आणि भर कचेरीत तो ढसाढसा रडला.