एका दुपारचे बारा अंगठे

रायपूर राजधानी होऊन नुकतीच कुठे एक-दोन वर्षं झाली होती. सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी कारकून होते. तिथे जुन्या बाटल्या धुऊन नाशिककडच्या एका वाइन कंपनीला पाठवत. बाबा रेल्वेतून निवृत्त होताना म्हणाले होते, "आता घर तुलेच पाहा लागते." म्हणून ती नोकरी मी जिवापाड जपत होते.

कंपनीचा माणूस तपासणीला येणार म्हटल्यावर मालकांनी हुकूम सोडला: धुणाऱ्या बायांना दर महिन्याला हातमोजे दिल्याचं रजिस्टर तयार ठेवा. मोजे तर कधी आलेच नव्हते. पण मी अतिशहाणी! एका दुपारी सगळ्यांचे वर्षभराचे अंगठे उरकून घेतले. त्यातल्या एकीचा अंगठा दोनच दिवसांपूर्वी काचेने कापला होता, आणि पट्टी मीच बांधली होती. मीच ती सोडली आणि त्या चिरेवर बारा वेळा शाई लावली. आजही आठवलं की स्वतःचा संताप येतो.

तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या हातांत मालकांनी ऐनवेळी आणवलेले नवेकोरे मोजे होते. कंपनीचे साहेब रजिस्टर चाळता चाळता थांबले. एकाच बाईच्या बाराही ठशांत तीच पांढरी रेघ होती. त्यांनी तिला बोलावून मोजा काढायला लावला.

"ये कब कटा?"

"पिछले हफ्ते, साहब. काँच से."

"और दस्ताने कब मिले?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आज," ती म्हणाली. मग घाईघाईने आपल्या बोलीत, "दीदी ला कुछु झन कहव. पट्टी उही बांधे रिहिस."

दीदीला काही बोलू नका, पट्टी तिनेच बांधली होती म्हणे! मला रडू आवरेना. रजिस्टर मीच लिहिलं, हे मी साहेबांना तिथेच सांगून टाकलं.

साहेबांनी मालकांना बजावलं की मोजे खरोखर दिल्याशिवाय माल उचलणार नाही, आणि वाटप याच मुलीने, म्हणजे मी, करायचं. नोकरी राहिली. त्या बाईचे हे उपकार मी कधीच विसरले नाही.

पुढच्या महिन्यात मी तिला आधी मोजे दिले, मग रजिस्टर पुढे केलं. तिने अंगठा उमटवला. रेघ पुसट झाली होती. मी मात्र त्याआधीची बारा पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहत राहिले.

"दीदी, स्याही सूख गे," ती हसून म्हणाली, आणि मोजे चढवून कामाला लागली.